हॅम मंडळींसाठी व्हीपीएनची की: नागपुरातल्या नव्या कॉलसाइनवाल्यांसाठी पहिल्यापासून

हॅम म्हणजे सरकारी परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारे, आणि कॉलसाइन म्हणजे परवान्यासोबत मिळणारं त्यांचं ओळखनाव. घरी एकोलिंकचा, म्हणजे रेडिओ इंटरनेटला जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा, नोड लावला, रेडिओ जोडला, बाहेर कॉल व्यवस्थित जातो, पण आत कोणाचाच येत नाही. नव्याने परवाना मिळालेल्या बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून बघा, राउटर बदलून बघा, केबलवाल्याला फोन करा, असं आठवडाभर चालतं. दोष बहुतेक वेळा राउटरचा नसतोच. घरगुती ब्रॉडबँड असो की मोबाइल डेटा, हल्ली बऱ्याच ठिकाणी सीजीनॅट असतं, म्हणजे एकच पब्लिक आयपी पत्ता कंपनीने अनेक घरांत वाटलेला असतो. तुमच्या राउटरला बाहेरून थेट पत्ताच नाही, तर पोर्ट उघडून उपयोग काय?

खात्री करायची असेल तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर सीजीनॅट नक्की. काही कंपन्या १० ने सुरू होणारा पत्ताही देतात. अर्थ तोच.

यावरचा उपाय हॅम लोकांकडे इंटरनेटच्या लहानपणापासून आहे. १९८१ मध्ये हँक मॅग्नुस्की या अमेरिकन हॅमने मागणी केली आणि ४४ ने सुरू होणारे सगळे आयपी पत्ते जगभरच्या हौशी रेडिओसाठी राखून ठेवले गेले. हेच ४४नेट, जुन्या मंडळींच्या तोंडी अँपरनेट. आज त्याचा कारभार एआरडीसी, म्हणजे अमॅच्युअर रेडिओ डिजिटल कम्युनिकेशन्स ही संस्था बघते. परवानाधारक हॅमला यातला पत्ता मिळतो आणि तो व्हीपीएनच्या टनेलमधून, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या बंदिस्त वाटेने, थेट तुमच्या शॅकपर्यंत (रेडिओच्या खोलीपर्यंत) आणता येतो. सीजीनॅट मध्ये असलं तरी अडत नाही, कारण टनेल आतून बाहेर उघडतं.

पूर्वी हे काम खरंच अवघड होतं. आयपीआयपी या जुन्या पद्धतीच्या टनेलला घरी थेट पब्लिक पत्ता लागायचा, म्हणजे सीजीनॅटवाल्यांना दार बंदच. ओपनव्हीपीएनवाल्या काही सोयींना एलओटीडब्ल्यूचं, म्हणजे हॅमच्या संपर्कांची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या सेवेचं, प्रमाणपत्र लागायचं. ते मागवा, तिच्या टीक्यूएसएल या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करा, त्याचे तुकडे योग्य फाइलींत बसवा आणि त्याची मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून. वायरगार्ड हे नवं, सुटसुटीत व्हीपीएन आल्यावर हे सगळं दोन कींवर आलं. एआरडीसीची ४४नेट कनेक्ट ही सेवाही वायरगार्डवरच चालते. तरीही नवा माणूस गोंधळतो तो कीपाशीच, म्हणून या लेखातला मोठा भाग कीवर आहे.

एक सूचना आधीच. पत्ते, आकडे आणि कमांड इथे देवनागरीत आहेत. ॲपमध्ये किंवा टर्मिनलवर ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाकायचे. फोनचा कीबोर्ड मराठीवर राहिला आणि देवनागरी अंक गेले, तर वायरगार्ड ती ओळ स्वीकारत नाही.

आधी हे जमवून ठेवा

- हौशी रेडिओचा चालू परवाना, स्कॅन करून पीडीएफमध्ये. सरल संचार पोर्टलवरून मिळालेला असेल तर तीच फाइल चालेल. कॉलसाइन व्हीयू२ ने सुरू होणारा असो की व्हीयू३ ने, मुदत संपलेली नसावी.
- परवान्यावरच्या नावाशी जुळणारं खातं आणि रोज उघडता असा ईमेल.
- जिथे टनेल चालवायचं ते यंत्र: विंडोज लॅपटॉप, अँड्रॉइड फोन किंवा रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’).
- वायरगार्ड ॲप, त्याच्या अधिकृत साइटवरून किंवा प्ले स्टोअरवरून.
- एक साधी वही. ही गंमत नव्हे, पुढे कळेल.

१. आधी ठरवा: नुसतं बघायचंय की स्वतःचा नोड चालवायचाय

हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि पुढचे निम्मे घोळ यातूनच होतात. ४४नेटवरच्या इतर हॅमच्या सेवा बघायच्या, त्यांच्या सर्व्हरला जोडायचं, एवढंच असेल तर तुम्ही पाहुणे. एकोलिंक किंवा ऑलस्टारचा (एकोलिंकसारखंच रेडिओ जोडणारं दुसरं जाळं) नोड चालवायचा आणि जगातून कोणीही तो गाठावा अशी इच्छा असेल तर तुम्ही यजमान. पाचव्या पायरीतली एक ओळ दोघांची वेगळी असते. वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही कोण ते लिहून टाका.

२. कॉलसाइन तपासून घ्या

४४नेटच्या पोर्टलवर खातं उघडा, कॉलसाइन नोंदवा आणि परवान्याची प्रत जोडा. तपासणी माणसं करतात, वेळ लागतो. उत्तर आलं नाही म्हणून दुसरं खातं उघडू नका. घोळ वाढतो, काम पुढे सरकत नाही.

परवान्याच्या प्रतीवर घराचा पत्ता असतो. ‘माझी फाइल बरोबर आहे का बघा’ म्हणून ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आणि मागितलेलं नसताना आधार कार्ड तर कुठेच जोडू नका.

३. की तिथेच बनवा, जिथे ती वापरायची आहे

वायरगार्डमध्ये प्रत्येक यंत्राच्या दोन की असतात. पब्लिक की म्हणजे कुलूप, ते कोणालाही द्या. प्रायव्हेट की म्हणजे त्या कुलपाची किल्ली, ती कोणालाच द्यायची नाही. सर्व्हरवाल्याला तुमची फक्त पब्लिक की लागते, तुम्हाला त्याची पब्लिक की लागते. प्रायव्हेट की ज्या यंत्रात तयार झाली त्यातच जगते आणि त्यातच संपते.

आपल्याकडे मात्र वेगळीच पद्धत पडली आहे. ग्रुपमधला एखादा कॉम्प्युटरवाला मुलगा सगळ्यांच्या की स्वतःच्या लॅपटॉपवर बनवतो आणि तयार फाइली वाटतो. हेतू चांगला असतो, ज्येष्ठांना त्रास नको. पण मग प्रत्येकाची प्रायव्हेट की त्या लॅपटॉपवर राहते, व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये राहते, घेणाऱ्याच्या फोनच्या बॅकअपमध्येही जाते. आणि ४४नेटवर तुमचा पत्ता म्हणजे तुमचा कॉलसाइन. त्या कीने कोणी काही केलं तर ते तुमच्या नावावर लागेल. माझं स्पष्ट मत आहे की ज्येष्ठांना मदत करायची तर त्यांच्या घरी जा, त्यांच्या शेजारी बसा आणि बटण त्यांनाच दाबू द्या. चहा होईस्तोवर काम होतं.

विंडोजवर असं करा. वायरगार्ड उघडा. खाली डावीकडे ‘ॲड टनेल’च्या बाजूचा छोटा बाण दाबा आणि ‘ॲड एम्प्टी टनेल’ निवडा. खिडकी उघडते तेव्हा की तयार झालेली असते. वर नावाची जागा, त्याखाली पब्लिक की आणि खालच्या मोठ्या चौकटीत ‘इंटरफेस’ आणि ‘प्रायव्हेट की’ अशा दोन ओळी. पब्लिक कीची ओळ कॉपी करायची, खालच्या चौकटीला तूर्त हात लावायचा नाही. नावाच्या जागी कॉलसाइन आणि यंत्र लिहा, म्हणजे कॉलसाइन, मग जोडरेघ, मग ‘लॅपटॉप’. मधे मोकळी जागा सोडू नका.

अँड्रॉइडवर अधिकचं चिन्ह दाबा, ‘क्रिएट फ्रॉम स्क्रॅच’ निवडा आणि प्रायव्हेट कीच्या रकान्याशेजारचं गोल बाणाचं चिन्ह दाबा. दोन्ही की भरल्या जातात.

पायवर आधी ‘यूमास्क ०७७’ द्या, म्हणजे पुढे बनणारी फाइल दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही. मग ‘डब्ल्यूजी जेनकी’ने प्रायव्हेट की एका फाइलीत काढा आणि तीच फाइल ‘डब्ल्यूजी पबकी’ला दिली की पब्लिक की मिळते. उलटं होत नाही. पब्लिक कीवरून प्रायव्हेट की काढता येत नाही, सगळी भिस्त त्यावरच आहे.

आता वही काढा. यंत्राचं नाव, तारीख आणि पब्लिक कीची पहिली सहा अक्षरं लिहा. प्रायव्हेट की वहीतही लिहायची नाही.

लॅपटॉपची फाइल फोनमध्ये टाकून दोन्हीकडे तीच की चालवायचा मोह होईल. तसं करू नका. सर्व्हर एका कीमागे एकाच ठिकाणाची आठवण ठेवतो, शेवटचं पॅकेट जिथून आलं ते ठिकाण. दोन यंत्रांवर एकच की असली की सर्व्हर कधी लॅपटॉपकडे, कधी फोनकडे उत्तरं पाठवतो. दोन्ही जोडण्या मिनिटामिनिटाला पडतात आणि तुम्ही मात्र नेट खराब आहे म्हणता. जितकी यंत्रं, तितक्या की.

४. पब्लिक की पाठवा, बाकी काही नाही

पब्लिक की सेवेच्या साइटवर भरा, किंवा ओळखीच्या हॅमचा सर्व्हर असेल तर त्याला पाठवा. वायरगार्डची की ३२ बाइटांची असते, ती लिहिल्यावर बरोबर ४४ अक्षरं होतात आणि शेवटचं अक्षर नेहमी बरोबरचं चिन्ह असतं. पाठवण्याआधी अक्षरं मोजा. फोनवर दोनदा टिचकी मारून निवडलं की ते शेवटचं चिन्ह कधी कधी सुटतं. मधे अधिकचं चिन्ह किंवा तिरपी रेघ असली की निवड तिथेच तुटते. ४३ अक्षरं आली तर शेवट सुटला, ४५ झाली तर मोकळी जागा चिकटली.

ही की हातांनी टाइप करू नका. मोठा आय आणि लहान एल, शून्य आणि ओ, यांत डोळा फसतोच. दोन मीटरच्या हौशी बँडवर फोनेटिकमध्ये (‘अल्फा, ब्राव्हो’ अशा शब्दांनी) वाचून दाखवली तरी गुपित काहीच फुटत नाही, पण कोणतं अक्षर मोठं आणि कोणतं लहान हे सांगता सांगता दोघांचाही जीव मेटाकुटीला येईल. कॉपी करा आणि मेसेज पाठवा.

इथे दोन सापळे आहेत. पहिला स्क्रीनशॉटचा. ‘बघा, बरोबर केलं का’ म्हणून अख्ख्या खिडकीचा फोटो ग्रुपवर येतो आणि त्यात खालची चौकटही असते. दुसरा क्यूआर कोडचा. तयार टनेलच्या क्यूआरमध्ये पूर्ण कॉन्फिग असतं, म्हणजे प्रायव्हेट कीसुद्धा. तो निरागस दिसणारा काळापांढरा चौकोन ग्रुपवर टाकणं म्हणजे की वाटणंच. असं कोणाकडून झालं तर मेसेज डिलीट करून भागत नाही. ती की गेली असं समजून लगेच नवी बनवायची.

काही सेवा कॉन्फिगची फाइल कीसकट त्यांच्याकडेच बनवून देतात. स्वतःची पब्लिक की द्यायचा पर्याय दिसला तर तोच निवडा. नसेल तर फाइल थेट त्याच यंत्रावर उतरवा, आयात करा आणि डाउनलोड फोल्डरमधली प्रत काढून टाका.

५. कॉन्फिगच्या मोजक्या ओळी

समोरून तुम्हाला तीन गोष्टी येतात: तुमचा ४४ चा पत्ता, सर्व्हरची पब्लिक की आणि सर्व्हरचा एंडपॉइंट, म्हणजे पत्ता आणि पोर्ट. वायरगार्डचं नेहमीचं पोर्ट यूडीपी ५१८२० आहे, पण वेगळं दिलं असेल तर दिलेलंच टाका.

‘इंटरफेस’ या भागात तुमची प्रायव्हेट की आधीच आहे, त्याखाली ‘ॲड्रेस’मध्ये मिळालेला पत्ता. ‘पीअर’ या भागात सर्व्हरची पब्लिक की, एंडपॉइंट, ‘अलाउड आयपीज’ आणि ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’. सगळ्यात जास्त चूक होते ती पीअरखाली स्वतःचीच पब्लिक की टाकण्याची. तिथे समोरच्याची हवी. वहीतली सहा अक्षरं इथे कामी येतात. पीअरखाली तीच दिसली तर चुकलं.

कीपअलाइव्ह २५ ठेवा. सीजीनॅटमधलं यंत्र काही वेळ गप्प बसलं की मधला नॅट त्याचा रस्ता विसरतो आणि बाहेरून येणारा कॉल पोहोचत नाही. दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट गेलं की रस्ता उघडा राहतो. यजमानाने ही ओळ विसरू नये. नोड दिवसभर छान चालतो आणि रात्री शांत झाला की गायब होतो, असं असेल तर आधी ही ओळ बघा.

‘अलाउड आयपीज’मध्ये पाहुण्यांनी दोन पट्टे टाकायचे, ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१०, मध्ये स्वल्पविराम. जुन्या मार्गदर्शकांत ४४.०.०.०/८ असं लिहिलेलं सापडेल, ते आता घेऊ नका. २०१९ मध्ये एआरडीसीने ४४.१९२ पासून वरचा पाव हिस्सा ॲमेझॉनला विकला. त्या पत्त्यांवर आज भलत्याच साइटी आहेत. सगळा ४४ टनेलमध्ये घातला तर एखादं बँकेचं किंवा खरेदीचं ॲप विनाकारण अडकेल आणि कारण शोधून सापडणार नाही.

यजमानांनी मात्र ०.०.०.०/० टाकायचं. ही ओळ दोन्ही दिशांना काम करते. बाहेर जाताना कोणता पत्ता टनेलमधून जाईल ते ती ठरवते, आणि आत येताना कोणत्या पत्त्याचं पॅकेट घ्यायचं तेही तीच ठरवते. तुमच्या एकोलिंक नोडला पुण्याहून कोणी साध्या ब्रॉडबँडवरून कॉल केला, तर त्याचा पत्ता ४४ चा नसणार. यादीत फक्त ४४ असेल तर वायरगार्ड ते पॅकेट टनेलच्या तोंडाशीच टाकून देतं, कसलीही तक्रार न करता. पिंग (पोहोच तपासणारी कमांड) चालतं, ४४ वरचे मित्र पोहोचतात, बाकी जग पोहोचत नाही. हे लक्षण दिसलं तर दुसरीकडे शोधू नका.

घरातल्या सगळ्यांचं नेट टनेलमधून जाऊ नये म्हणून यजमानाने नोडला वेगळा पाय द्यावा. मुलांच्या ऑनलाइन वर्गाचा लॅपटॉप आणि एकोलिंक एकाच यंत्रावर ठेवू नये.

६. चालू करा आणि हँडशेक बघा

‘ॲक्टिव्हेट’ दाबलं की हिरवं दिसतं. त्या हिरव्यावर जाऊ नका. तुमच्या बाजूने टनेल तयार झालं एवढाच त्याचा अर्थ. की चुकीची असेल तर वायरगार्डचा सर्व्हर ‘चुकलं’ असंही सांगत नाही, गप्प बसतो. म्हणून ‘लेटेस्ट हँडशेक’ ही ओळ बघायची. हँडशेक म्हणजे दोन्ही टोकांनी कीवरून एकमेकांची ओळख पटवणं. पायवर ‘डब्ल्यूजी शो’ दिलं की तीच दिसते. टनेल वापरात असताना ती वेळ साधारण दोन-तीन मिनिटांच्या आतली हवी.

हँडशेकच नाही, पाठवलेले बाइट वाढताहेत आणि आलेले शून्य: की, एंडपॉइंट, पोर्ट किंवा घड्याळ. तोच टनेल मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून चालवून बघा. तिथे चाललं तर घरच्या ब्रॉडबँडवर काहीतरी अडवतंय.

हँडशेक आहे पण पिंग नाही: ‘ॲड्रेस’ किंवा ‘अलाउड आयपीज’ चुकलं.

पिंग आहे, पण पान अर्धवट उघडतं किंवा लॉगिन करताच अडकतं: एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी. वायरगार्ड सहसा १४२० धरतं. पीपीपीओईवर (राउटरमध्ये लॉगिन नाव भरावं लागणाऱ्या जोडणीवर) चालणाऱ्या फायबरवर मूळ मर्यादाच १५०० ऐवजी १४९२ असते, म्हणून ‘इंटरफेस’खाली एमटीयू १४१२ करून बघा. तरी नाही झालं तर १२८० पर्यंत खाली या.

७. लाइट गेल्यावर काय होतं ते आधीच बघून ठेवा

उन्हाळ्यात वादळवारं आलं की लाइट जाते. लाइट परत येते, पाय सुरू होतो, हिरवा दिवा लुकलुकतो, पण नोड काही परत येत नाही. तासाभराने आपोआप येतो. कोणी म्हणतं सर्व्हर बंद होता, कोणी म्हणतं केबलवाला. खरं कारण घड्याळात असतं.

रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ वर ते आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी घ्यावी लागते. घड्याळाविना पाय बंद होताना किंवा मधून मधून वेळ कार्डावर लिहून ठेवतो आणि उठल्यावर तीच वेळ खरी मानतो. लाइट अचानक गेली तर शेवटची नोंद तासभर जुनी असू शकते. आता वायरगार्डकडे या. हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो. जुनं पॅकेट पकडून कोणी पुन्हा पाठवू नये म्हणून सर्व्हर प्रत्येक कीचा शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून जुना आला की नाकारतो. सहाला लाइट गेली, सव्वासहाला आली, पण पायच्या घड्याळात अजून सव्वापाचच वाजलेत. सर्व्हरने सहाचा शिक्का आधीच पाहिला आहे, तो सव्वापाचवाल्याला दारात उभं करणार नाही. इंटरनेटवरून वेळ जुळवावी म्हटलं तर यजमानाच्या कॉन्फिगमध्ये सगळी रहदारी टनेलमधूनच जाते, आणि टनेल तर उठलेलंच नाही. पायचं घड्याळ रखडत सहाच्या पुढे जाईपर्यंत नोड बंद.

पाहुण्यांना हा त्रास होत नाही, त्यांची वेळ टनेलबाहेरून जुळते.

उपाय तीन आहेत, मी पहिला सुचवेन. डीएस३२३१ या चिपचं छोटं घड्याळ मॉड्युल पायच्या पिनांवर बसवा. स्वस्त असतं, ऑनलाइनही मिळतं. दुसरा, वेळ जुळल्याशिवाय टनेल सुरूच होणार नाही अशी व्यवस्था सिस्टमडीमध्ये (पायवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्राममध्ये) करा. ‘टाइम वेट सिंक’ ही सेवा त्यासाठीच आहे. तिसरा, राउटर, फायबरचा डबा आणि पाय तिघांनाही बॅकअप द्या. राउटरसाठी बारा व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात. पायला पाच व्होल्ट लागतात, वायर बघून जोडा.

सगळं लावून झालं की चाचणी घ्या. पायचा प्लग सरळ ओढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा आणि ‘डेट’ कमांड देऊन वेळ बघा. कार्डासाठी असा प्लग ओढणं चांगलं नाही, म्हणून आधी कार्डाची प्रत काढून ठेवा. पण ही चाचणी एकदा करायलाच हवी. तुम्ही गावाला गेल्यावर ती वादळाने घेऊ नये.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो. अँटेनाजवळ पडतं म्हणून पायचा डबा गच्चीवर ठेवू नका. ८० अंशांच्या पुढे तो स्वतःचा वेग कमी करतो आणि आवाज तुटायला लागतो. कोअॅक्स (अँटेनाची केबल) लांब करा, पाय घरात ठेवा.

८. पब्लिक पत्ता मिळाला, आता राखणही तुमचीच

सीजीनॅट कटकटीचं असलं तरी त्याच्या आड तुमचं यंत्र बाहेरून कोणाला दिसत नव्हतं. ४४ चा पत्ता मिळाला की ते दिसतं. काही वेळातच अनोळखी ठिकाणांहून लॉगिनचे प्रयत्न लॉगमध्ये दिसू लागतील. तुमच्यावर कोणाचा डोळा आहे असं नव्हे, पब्लिक पत्त्यांवर यंत्रं सतत टकटक करतच असतात.

टनेल सुरू करण्याआधी पासवर्ड बदला. पाय-स्टार या हॅम नोडसाठीच्या तयार सॉफ्टवेअरचा मूळ पासवर्ड ‘रास्पबेरी’ असतो आणि तो साऱ्या जगाला माहीत आहे. फायरवॉलमध्ये टनेलकडून येणारं सगळं बंद करा आणि लागेल तेवढंच उघडा: एकोलिंकसाठी यूडीपी ५१९८ आणि ५१९९, ऑलस्टारसाठी यूडीपी ४५६९. एसएसएच (दुरून टर्मिनलवर लॉगिन) आणि डॅशबोर्ड फक्त घरच्या नेटवर्कवरून.

९. कुलूप इंटरनेटवर, हवेत नाही

हौशी रेडिओवर अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करायचा नाही, हा जगभरचा नियम आहे. दोन देशांतल्या हौशी केंद्रांमधल्या संपर्कासाठी तो आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या २५ व्या कलमात आहे. वायरगार्ड तर आतलं सगळं सांकेतिकच करतं. मग हे चालतं कसं? तुमच्या राउटरपासून सर्व्हरपर्यंतचा प्रवास इंटरनेटवरून होतो, तिथे एन्क्रिप्शनला हरकत नाही. नोडमधून आवाज रेडिओवर जातो तेव्हा तो मोकळाच असतो, कोणीही ऐकू शकतं. घरचं वायफायही कॉलसाइनखाली चालत नाही.

पण उद्या तुम्ही दोन गच्च्यांमध्ये कॉलसाइनखाली हौशी बँडवर डेटा लिंक टाकली, तर त्या लिंकवरून वायरगार्ड नेऊ नका. टनेल लिंकच्या अलीकडे, इंटरनेटच्या बाजूला संपवा. रेडिओ इंटरनेटला जोडण्याआधी स्वतःच्या परवान्याच्या अटी एकदा नीट वाचा. आणि ४४ च्या पत्त्यावर दुकानाची किंवा कंपनीची साइट चालवू नका. ते पत्ते हौशी कामासाठीच आहेत.

नव्यांपैकी काही जण हे आपत्कालीन जाळं समजतात, त्यांच्यासाठी सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अशा वेळी ना विजेचा भरवसा ना ब्रॉडबँडचा, आणि ब्रॉडबँड गेलं की टनेल गेलंच. त्या वेळी कामाला येतो तो बॅटरीवरचा हँडी (हातातला रेडिओ) आणि सिम्प्लेक्सची, म्हणजे रिपीटरशिवाय थेट बोलायची, ठरलेली फ्रीक्वेन्सी. व्हीपीएन लावून झालं म्हणून त्याचा सराव सोडू नका.

१०. की बदलायची वेळ

वायरगार्डच्या कीला मुदत नसते, ती स्वतःहून संपत नाही. म्हणून फोन हरवला, लॅपटॉप विकला, पायचं कार्ड कोणाला दिलं, की लगेच सेवेच्या साइटवर जाऊन किंवा सर्व्हरवाल्याला सांगून त्या यंत्राची पब्लिक की काढून टाका. वहीत यंत्र आणि तारीख लिहिली असेल तर नेमकी कोणती काढायची हे शोधावं लागत नाही. बाकी यंत्रांना धक्का लागत नाही, कारण प्रत्येकाची की वेगळी आहे.

जुन्या प्रायव्हेट कीचा बॅकअप ठेवायची गरज नाही. कार्ड खराब झालं तर नव्या कार्डावर नवी की बनवा, पब्लिक की साइटवर बदला आणि वहीत जुन्या ओळीवर काट मारून खाली नवी लिहा. ४४ चा पत्ता तोच ठेवता येतो, त्यामुळे तुमचा नोड वापरणाऱ्यांना काहीही बदलावं लागत नाही.